तिच्या आवडीचं पान

नवऱ्यानं गच्चीच्या कठड्यावर श्राद्धाचं पान ठेवलं. मुद्दाम करपवलेली पोळी, भाताची खरवड. "तुझ्या आवडीचंच आहे," तो आकाशाकडे बघून म्हणाला. कावळा शिवला, तरच ते पितृलोकात तिला पोचणार होतं.

चाळीस वर्षं ती घरात उरलेलं खात आली आणि "मला असंच आवडतं" म्हणत आली. मेल्यावरही तीन श्राद्धांना तिनं मुकाट्यानं कावळा धाडला होता. यंदा तिनं त्याला अडवून धरलं.

"अगं, वर्षभर उपाशी राहशील!" पितृलोकात तिच्या शेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या.

"राहीन."

"जिवंतपणी एवढी हट्टी नव्हतीस."

"तेच चुकलं, सासूबाई."

खाली ऊन चढलं. कावळा हलेना. शेवटी नवरा कठड्याशेजारी फरशीवरच बसला. "मग तुला आवडायचं तरी काय गं?" आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं विचारलं.

तिला गरम भाकरीवरचं लोणी आठवलं. तरी तिनं कावळा सोडला नाही. शोधू दे त्याला. मुलीला विचारू दे, माहेरच्यांना विचारू दे. एक वर्षाचा उपास तिला परवडणार होता.