डावं-उजवं

दुकानातल्या, सगळ्या वाद्यांचे आवाज काढणाऱ्या दोन वर्कस्टेशन कीबोर्डांपैकी कुठला घ्यावा, या विचाराने माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता. शेवटी आमच्या ऑर्केस्ट्रातल्या ड्रमवाल्याला आणि बासरीवाल्याला सोबत नेलं. म्हटलं, आपापल्या वाद्याचा आवाज तुम्हीच पारखा.

"दोन्ही पट्टीचे आहेत. कुठलाही घ्या, एकटा अख्खा ऑर्केस्ट्रा वाजवतो," दुकानदार कौतुकाने म्हणाला.

ते ऐकून दोघे पुढे सरसावले. मग कान देऊन दोन्ही ऐकले.

ड्रमवाला म्हणाला, "डोळे मिटून डावीकडचा घे."

बासरीवाला उसळला, "छे! उजवीकडचाच घे!"

दोघे हमरीतुमरीवर आले, तेव्हा वैतागून मी स्वतःच वाजवून पाहिलं.

.

.

डावीकडच्याचा ड्रम पत्र्याचा डबा बडवल्यासारखा वाजत होता, आणि उजवीकडच्याची बासरी फुटक्या शिट्टीसारखी.