पहिली दाढी

फुग्यावरचा साबणाचा फेस पोराने वस्तऱ्याने अलगद उतरवला. फुगा फुटला नाही.

“आता माणूस,” मी म्हणालो.

सुधारगृहाच्या अधीक्षक बाई दारातच उभ्या होत्या. “काका, एक थेंब रक्त निघालं तरी वस्तरा बंद. मग मुलांना नुसती कात्री शिकवा.”

खुर्चीत बसायला कोणी येईना. चाकू चालवून हा इथे आला, हे सगळ्या पोरांना ठाऊक होतं. शेवटी पहारेकरी सोनटक्के टोपी काढून बसले. पहिल्याच दिवशी हा पोरगा त्यांच्या मनगटाला चावला होता. वण अजून दिसतो.

“मिशीला धक्का लावू नकोस,” ते म्हणाले. “बायको घरात घेणार नाही.”

पोरं हसली. त्या पोराने मात्र वस्तरा खाली ठेवला, दोन्ही हात कोमट पाण्यात धरले, पुसले आणि पुन्हा वस्तरा उचलला. हे मी शिकवलेलं नव्हतं.

दोन्ही गाल झाले.

“मान वर करा, मामा.”

गळ्यावर वस्तरा टेकला, तेव्हा बाईंनी श्वास रोखला, मीही. खुर्चीतून बारीक आवाज आला. सोनटक्के घोरत होते.