गिलाव्याला पाणी

आखातातल्या दुखान या तेलाच्या गावात, एका जुन्या बंगल्यात इंग्रज साहेबांनी हौसेने धुराडं बांधलं होतं. बाहेर जूनचं ऊन भाजत होतं, तरी धुराड्याची भिंत ओलीच. रत्नागिरीच्या कासम गवंड्याने गिलावा खरवडून पुन्हा केला, पण ओल काही हटेना.

"कासमभाई, शुक्रवारी नव्या साहेबाची बायको-पोरं येतायत. भिंत सुकली नाही तर तुझं घरचं तिकीट कापलंच समज," मुकादम महिपती म्हणाला. "वरून काही गळतंय का?"

"धुराड्याचं वरचं-खालचं तोंड मीच चिणलंय, महिपतराव. आत मुंगी शिरायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपतीसमोर कासमने अंगठा दाबून पाहिला. गिलावा घट्ट धरला होता. तडकू नये म्हणून तो मगाने पाणी मारू लागला. चपाक.

भिंतीच्या आतून आवाज आला. चपाक.

कासमचा हात थांबला. आतला थांबला नाही. मुरलेल्या गवंड्यासारखं कुणीतरी वरून खाली, सावकाश पाणी मारत होतं. ओल पसरत चालली.

"यल्ला, चल इथनं," महिपती पुटपुटला.

मग पाणी थांबलं, आणि ओल्या गिलाव्यावर अंगठ्याएवढा फुगवटा हळूहळू बाहेर आला.

गिलावा धरला का, ते आतून कुणीतरी बघत होतं.