साडेसात भागिले पाऊण

राईच्या थांब्यावर उतरून संपदा जवळजवळ पळतच गावात शिरली. चार वाजून गेले होते. उद्या सकाळी सव्वासातला सहावीची घटक चाचणी, आणि बेचाळीस मुलांच्या वह्यांत तिनं आज स्वतःच्या हातानं चुकीची गणितं उतरवून दिली होती.

भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. पण ती फळ्यावर लिहीत असताना मुख्याध्यापक खिडकीशी येऊन उभे राहिले, आणि तिनं पहिलाच उलटा केला. ते निघून गेले तरी हात तसाच चालत राहिला. पाचही गणितं तशीच. घरी जेवून उद्याची उत्तरं काढायला बसली, तेव्हा तिला कळलं. पेपर मुख्याध्यापकच तपासणार होते. तिला नोकरीत कायम करायचं की नाही, तेही तेच ठरवणार होते.

भाईंदरच्या नव्या बिल्डिंगांतल्या मुलांची तिला एवढी काळजी नव्हती. कुणाला शिकवणी होती, कुणाचे वडील बँकेत. राईच्या सात मुलांना मात्र घरी सांगणारं कुणी नाही, असं तिला वाटत होतं.

पहिलं घर जागृतीचं. ओट्यावर तिची आई, जिजाबाई, जाळ्याचा दोर कापत बसली होती. बाईंना बघताच ती सुरी टाकून उठली.

“काय केलं हिनं?”

“काही नाही हो. सहज आले. जागृती, गणिताची वही आण बघू.”

जागृती वही देऊन दाराला टेकून उभी राहिली. संपदानं पान उघडलं. साडेसात भागिले पाऊण. उत्तर, एक दशांश. फळ्यावर होतं तस्संच, वळणदार अक्षरात. मग तिला दिसलं, शाईच्या खाली पेन्सिलीनं काहीतरी लिहून खोडलेलं होतं. तिनं वही उजेडात तिरकी धरली.

दहा.

“हे दहा कुणी सांगितलं तुला?”

“कुणी न्हाय.” जागृतीनं ओट्यावरच्या दोराकडे बोट दाखवलं. “साडेसात वाव दोर हाय. पाऊण पाऊण वावाचे तुकडे करायचे. दोन तुकड्यांना दीड वाव लागतो. दीड पंचे साडेसात. म्हणजे दहा तुकडे.”

“एवढा एक वाव, बाई.” जिजाबाईनं दोन्ही हात फैलावून दोर ताणून दाखवला. अजूनही तिची नजर बाईंच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. “का? चुकलं का हिचं?”

संपदा जागृतीकडे वळली.

“मग खोडलंस कशाला?”

“फळ्यावर एक दशांश होतं.”

“हात वर करायचास. विचारायचंस मला.”

जागृती पायाच्या अंगठ्यानं ओटा खरवडत राहिली. “दिवाळीच्या आधी केला होता, बाई. तुम्ही बोल्लात, जास्त शहाणपणा करू नको. मग तास संपेपर्यंत उभं केलंत.”

संपदाला ते आठवेना. खूप ताण दिला तरी आठवेना. आणि मुख्याध्यापकांपेक्षा तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

“बाई,” जागृतीनं हळूच विचारलं, “उद्या पेपरात काय लिहू? तुमचं, का बरोबर?”

“गप गं! बाईंना असं बोलतात?” जिजाबाईनं हात उगारला. संपदानं तो वरच्या वर धरला.

“राहू द्या. बरोबर आहे ते लिही, जागृती.” तिनं वही मिटून परत दिली. “माझं चुकलं. पाचही चुकली. बाकीच्यांची घरं दाखवतेस मला? सगळ्यांना आजच सांगायला हवं.”

जागृती चपला न घालताच ओट्यावरून उतरली आणि पुढे धावली. संपदा मागून चालता चालता मनात वाक्य जुळवत होती. मुलांनो, आज वर्गात घाईघाईत जरा... नको. मुलांनो, फळ्यावर लिहिताना थोडी...

वाक्य काही जुळेना. तोवर जागृती वर्गातल्या परेशच्या दाराशी पोचलीसुद्धा होती.

“ए पऱ्या, भाईर ये!” तिचा आवाज अख्ख्या आळीत गेला. “बाईंना पण कळलं!”