बापूच्या चाळीस ओळी

"हवा तेवढा वेळ घ्या," तो म्हणाला. "चूक या चाळीस ओळींतच आहे."

समोरच्या बाई लॅपटॉपवर वाकल्या. सासूच्या आजारपणात नऊ वर्षं घरी काढून आता सीनियर इंजिनिअरच्या जागेसाठी मुलाखतीला आलेल्या. तासभर त्याने नको नको ते विचारून त्यांना भंडावून सोडलं होतं. हात गंजला नाही का? आमच्या पोरांच्या वेगाने जमेल का? बाईंचे कान लाल झाले, पण उत्तरं चोख. आता हा शेवटचा प्रश्न. वर्षभरात सतरा जण या प्रश्नानंतर हात हलवत परत गेले होते. भरतीचं काम बघणाऱ्या ताई पार वैतागल्या होत्या. "अहो, कामाला माणूस घ्यायचाय," त्या सकाळीच म्हणाल्या होत्या, "जावई नाही शोधायचा!"

तो नुसता हसला होता. त्या ओळी कुणाच्या, हे ताईंना कुठे ठाऊक होतं!

ओळी बापूच्या होत्या. आधीच्या नोकरीत दोघं अकरा वर्षं शेजारशेजारी बसले. बापू कोड लिहायचा, हा तपासायचा. दुसऱ्याने वाचून होकार दिल्याशिवाय काम पुढे जायचं नाही, असा नियमच होता. हॉस्पिटलात रुग्णाची तब्येत ढासळली की खाटेजवळचं यंत्र नर्सच्या टेबलावर घंटा वाजवतं, त्याचा हा कोड. एका शुक्रवारी बापूने तो पाठवला. याला घरी जायची घाई. "वाचलं, मस्त," असं लिहून दोन मिनिटांत मोकळा झाला. फाइल उघडलीसुद्धा नाही. बापूच्या कामात काय बघायचं?

महिन्याभराने एक घंटा वाजलीच नाही. खाटेवरची बाई गेली.

चौकशीत हा म्हणाला, फार आत दडलेली चूक होती, वाचून सापडण्यातली नव्हती. सगळ्यांनी माना डोलावल्या. बापूनेसुद्धा. बापूची नोकरी गेली, मग झोप उडाली, आणि आठ महिन्यांत बापूच गेला. वहिनींनी एकदाच विचारलं, "भावजी, तुम्ही वाचलं होतंत ना? तुम्हालाही दिसलं नाही?"

"कुणालाच दिसलं नसतं, वहिनी."

तेव्हापासून बापू त्याची पाठ सोडत नव्हता. दात घासताना, जिना चढताना, भर मीटिंगमध्ये शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून तोच आवाज: वाचलंस ना रे? त्याला फार भीती वाटायची. वहिनींना दिलेलं उत्तर खरं ठरावं, एवढंच त्याला हवं होतं; म्हणूनच मुलाखतीला येणाऱ्या प्रत्येकापुढे तो या ओळी ठेवायचा.

"एकाच क्षणी दोन खाटांवरून निरोप आला," बाई म्हणाल्या, "तर पहिला पुसून दुसरा त्याच्या जागी बसतो. पहिल्या खाटेची घंटा वाजणारच नाही."

तो पुढे सरकला. "अवघड होती ना शोधायला?"

"अवघड कसली! पहिल्या मिनिटाला दिसली. आणखी काही खोच असेल म्हणून बघत बसले." तासाभराचा राग आता बाईंच्या आवाजात उतरला. "हे ज्याने कुणी तपासलं ना, त्याने वाचलंच नसणार."

"नाही वाचलं," तो म्हणाला.

हे त्याने आजवर कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. त्याने फॉर्म ओढला, शेऱ्याच्या रकान्यात 'घ्यावं' असं लिहून सही केली आणि खिशातून फोन काढला.

ताईंनी दारातून डोकावून फॉर्म पाहिला. "अगं बाई! सापडली वाटतं चूक! सतरा जणांना जमलं नाही ते यांनी करून दाखवलं म्हणायचं."

तो फोनवर वहिनींचा नंबर शोधत होता.

"नाही, ताई," तो म्हणाला. "त्या सतराही जणांना सापडली होती."