पिवळा ठिपका

"जावईबापू, बॉनेट परत उघडा जरा," घोलप तिसऱ्यांदा म्हणाले. नव्या गाडीवरचा झेंडूचा हार अजून ताजा होता. मागच्या सीटवर लेक दोन महिन्यांचं बाळ घेऊन बसली होती, साताऱ्याला सासरी निघाली होती.

ब्रेकच्या पंपावर पिवळा ठिपका होता. घोलपांच्या कारखान्यात पंप तपासणारा प्रत्येक जण पास झालेल्या पंपावर आपापल्या रंगाचा ठिपका देई. पिवळा रंग घोलपांचा.

गाडी मात्र समोरच्या कंपनीची. दोन्ही कंपन्या गाड्या बनवत, त्यांचं हाडवैर, तरी समोरचे ब्रेकचे पंप घोलपांच्या कारखान्यातूनच घेत. दिवाळीच्या घाईत एक लॉट जरा डावा निघाला, तेव्हा घोलपांनी त्यातला चोख माल आपल्या गाड्यांना ठेवला आणि उरलेल्यावर ठिपके देऊन तो समोरच्यांच्या खोक्यांत भरायला लावला. "त्यात आपली माणसं थोडीच बसणार आहेत?" असं म्हणून हसलेही होते.

हा पंप त्या लॉटमधला की दुसऱ्या कुठल्या, हे ठिपक्यावरून कळायला मार्ग नव्हता.

"बाबा, हा तुमचाच ठिपका ना?" जावई खुशीत म्हणाले. "ही नेहमी सांगते. आता खंबाटकीचा घाट अगदी बिनघोर!"

घोलपांनी खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली. "एसटीनं जा," ते कसेबसे म्हणाले. "माझा ठिपका खोटा आहे."

लेक बाळाला छातीशी धरून खाली उतरली. तरीही घोलपांची मूठ काही सैल होईना. त्या दिवाळीत समोरच्यांना त्यांनी असे तीनशे पंप पाठवले होते.