बाळ नसलेला केक

"ऑगस्टात किंग केक?" ओडिलनं डोळे वटारले. "न्यू ऑर्लिन्सचेच ना तुम्ही? फेब्रुवारी-मार्चात मार्डी ग्राचा सण संपला, की त्यानंतर हा केक खाल्ला तर आमची आजी झाडू घेऊन मागं लागायची."

"मग नको खाऊस," सार्जंट रोबिशो म्हणाला आणि तिचाही तुकडा उचलला.

पोलीस ठाण्यात येऊन तिला महिना झाला होता. त्या सोमवारी आला तो महिन्यातला तिसरा केक. आणि आत बाळ नाही! ज्याच्या तुकड्यात प्लॅस्टिकचं बाळ निघेल त्यानं पुढचा केक आणायचा, हे इथलं शेंबडं पोरगंही सांगेल.

"बाळच नाही, मग पुढचा कोण आणणार?"

"येतो आपोआप," कुणीतरी म्हणालं. कॅप्टन ड्यूगासबाई छताकडे बघत चावत होत्या.

खादाड मेले, ओडिल मनात म्हणाली.

नोकरी अजून कच्ची होती. सहा महिने रोबिशोच्या गाडीत बसायचं, शेवटी त्यानं सही केली तरच पक्की. चोवीस वर्षं मुरलेला गडी. तो नाही म्हणाला की संपलं.

गुरुवारी भर दुपारी एका सायकलचोरानं दोघांना चार गल्ल्या पळवलं. धरला, बेड्या घातल्या, खाली बसवला. तिथून त्यानं रोबिशोच्या आईचा उद्धार केला.

रोबिशोची मूठ वर गेली.

ओडिलला आधी ती सही दिसली. मग बेड्यांतले हात दिसले. तिनं दोन्ही हातांनी रोबिशोचं मनगट धरलं.

"सार्जंट, गाडीपाशी जा. पाणी प्या. ह्याला मी बघते."

"हात सोड."

"नाही सोडत."

"किती महिने राहिलेत तुझे?"

"पाच." तिनं पकड घट्ट केली. "तरी नाही सोडत."

रोबिशोनं एकदा बेड्यांकडे बघितलं. मग मूठ उघडली.

परतल्यावर ठाण्याच्या दारात तो म्हणाला, "उद्या आठला. कॅप्टनबाईंसमोर."

ओडिलनं घरी जाऊन गणवेशाला कडक इस्त्री केली. परत करायचा तर निदान नीट करावा.

सकाळी आठला सगळं ठाणं टेबलाभोवती उभं. रोबिशो काखेत खोकं घेऊन आला. उघडलं तर किंग केक, वर जांभळी-हिरवी-पिवळी साखर. त्यानं सुरी तिच्यापुढं धरली.

"काप."

"माझा निरोपाचा ना?"

"निरोप कसला, पोरी? इथं ज्याचा उगारलेला हात धरावा लागतो, तो केक आणतो. बाळ कशाला लागतंय?" त्याचे कान लाल झाले होते. "काल माझा धरलास."

ओडिलची सुरी हवेतच राहिली. "म्हणजे सोमवारचा केक..."

सगळे एकदम छताकडे बघायला लागले. कॅप्टनबाईंनी बोटावरची साखर चाटली.

"तो माझा. माझा हात ह्या रोबिशोनं धरला होता."